चाड्यावरची मूठ

तीन वर्षांपूर्वी आम्ही अण्णांच्या चपला लपवत होतो. जरा नजर चुकली की ते निघायचे. कधी नागनाथाच्या देवळापाशी सापडायचे, कधी स्टेशनच्या रस्त्याला. 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटात मोहन आगाशेंनी उभे केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागं निघून जातात. आमचे अण्णा उसाच्या ट्रॅक्टरमागं जायचे. शेवटी दाराला आतून कुलूप घातलं.

ते कुलूप आता खुंटीला गंजतंय. दार सताड उघडं असतं आणि अण्णा उंबऱ्याच्या आत उभे असतात.

"अण्णा, चला की. उचला पाय. डावा नव्हं, उजवा. आता काय झालं?" घरातले सगळेच बोलायचो. जितकं बोलावं तितके ते रुतायचे, तळवे फरशीला चिकटल्यागत. आई वैतागून म्हणायची, "मुद्दाम करत्यात." मी तिला कधी अडवलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मनगटं फिरवून पाहिली. पार्किन्सन आहे का, हेही तपासलं. चालू गोळ्यांची यादी मागितली, कारण भ्रम आणि चिडचिड आवरायला दिलेल्या काही औषधांनीही अंग ताठरतं. मग म्हणाले, "पायात जोर आहे. पाऊल कसं टाकायचं, ते मेंदूला जुळवता येत नाही." अण्णांचा अल्झायमर म्हणजे नावं विसरणं, वाट विसरणं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आजार मेंदूत पसरत जातो, तसं चालणंही त्याच्या तावडीत येतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दारातलं काळं पायपुसणं काढा. डोळे शाबूत असले तरी खोली आणि अंतर ताडायचं काम मेंदूचं. काळा चौकोन त्यांना खड्डा दिसत असेल. ऐन जवानीत स्वतः विहीर खणलेला माणूस दारातल्या खड्ड्यात पाय कशाला घालेल? पायपुसणं गेलं आणि निम्मा उंबरा सोपा झाला.

दुसरी गोष्ट, चालताना त्यांच्याशी बोलू नका. चालता चालता कुणी बोलायला लागलं की जे म्हातारे थबकतात, ते पुढं पडण्याची शक्यता जास्त असते, असं १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलं. धडधाकट माणसाला चालण्याकडं लक्ष द्यावं लागत नाही. ते आपोआप होणं सरलं की एकेक पाऊल ध्यान देऊन टाकावं लागतं, आणि तेवढ्यात कुणी प्रश्न विचारला की ध्यान तिकडं जातं. म्हणजे आमचं प्रत्येक 'चला की' अण्णांच्या पायात येत होतं.

हे ऐकलं आणि मला पेरणीची पाभर आठवली. आमच्या रानात मालदांडी ज्वारी. १९३०च्या दशकात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्याच संशोधन केंद्रात निवडलेला तिचा वाण पुढं दूरदूरच्या कोरडवाहू रानांत गेला. रब्बीच्या पेऱ्याला अण्णा बैलांमागं चालायचे. एका हातात कासरा, दुसऱ्या हाताची मूठ पाभरीच्या चाड्यावर. नजर बैलांच्या शिंगांपलीकडं, पाय ढेकळांतून, आणि मुठीतून दाणे सारखे सुटत राहायचे. एकाच वेळी चार कामं, आणि एकही ओळ दाट नाही की विरळ नाही. मी मागून बडबडत चालायचो. शाळेतलं, गावातलं, काहीबाही. ते मागं न बघता एवढंच म्हणायचे, "गप चाल. मूठ चुकंल."

आता रोज सकाळी मी त्यांच्या शेजारी उभा राहतो. हात धरून ओढत नाही, नुसता हात पुढं करतो. ते धरेपर्यंत थांबतो. उंबऱ्यापासून अंगणातल्या लिंबापर्यंत वीसेक पावलं. एखाद्या दिवशी जमतं, एखाद्या दिवशी उंबऱ्यावरूनच परत. पुढं अंग आणखी ताठरेल, हातापायांना झटकेही येऊ शकतील, एक दिवस उठणंही सरेल, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

काल लिंबापाशी पोचलो तेव्हा 'शाब्बास' अगदी ओठांवर आलं होतं. पण अजून परत फिरायचं होतं. मी गप चाललो.