मागचा दिवा

वेळणेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यात आमच्या जीपचा मागचा दिवा बल्ब जळण्याआधी गंजानेच बंद पडतो. पितळी होल्डरवर हिरवट थर चढतो, अर्थिंगचा स्क्रू गंजतो. म्हणून आम्ही आधी बॅटरीची वायर सोडवून दोन्ही पॉलिश पेपरने घासतो, जरासे व्हॅसलिन लावतो. तरीही दिवा न लागल्यास १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा बल्ब घालतो. त्यातले ५ वॅट रात्रीसाठी, २१ वॅट ब्रेकसाठी.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. चालकाला मात्र तो दिसत नाही. म्हणून बांधवांनो, घरातले कुणीतरी मागे उभे राहून ‘लागला’ म्हणेपर्यंत आम्ही गुहागरकडे निघत नाही. पावसात मागून येणारा मोटारसायकलवालाही कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस असतो.