दादांचे वय

केस पेपरच्या खिडकीतून आतल्या माणसाने विचारले, "पेशंटचं वय?" आणि आम्ही तिघे भावंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्यातला थोरला म्हणाला, "बासष्ट," कारण आधार कार्डावरून तेवढेच निघते. नांदेडला दिलेली बहीण म्हणाली, "सत्तर असतील," कारण आजी तसे सांगत असे. धाकटा काहीच बोलला नाही. खिडकीतल्या माणसाने बाकड्यावर बसलेल्या दादांकडे एकदा पाहिले आणि स्वतःच आकडा लिहून टाकला, ७८.

२०२५ चा उन्हाळा होता. दादांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. त्या घाईत वयाचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. पण पुढच्या अठरा रात्री वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात काढताना तोच प्रश्न आमच्या डोक्यात घोळत राहिला. आमच्या बापाचे खरे वय काय?

आमची आजी निरक्षर होती, पण तिचा हिशेब पक्का होता. "बाबासाहेब गेले तवा ह्यो माज्या मांडीवर व्हता, अंगावर पित व्हता," असे ती सांगायची. म्हणजे डिसेंबर १९५६. तेव्हा दादांचा जन्म १९५५ चा, नाहीतर १९५६ च्या आरंभीचा. १९७२ च्या दुष्काळात ते सोळा-सतरा वर्षांचे होते. सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर त्यांनी खडी फोडली. पुढे लातूरच्या आडत बाजारात हमाली केली. तूर असो, हरभरा असो की सोयाबीन, पाठीवर क्विंटलाचे पोते ठरलेले. शाळेचे तोंड पाहिले नाही, म्हणून दाखला नाही. पुढे वस्तीत आधार कार्डाचा कॅम्प लागला. विचारणाऱ्याने विचारले, सांगणाऱ्याने अंदाजाने सांगितले आणि १ जानेवारी १९६३ ही तारीख छापून आली. आमच्या वस्तीतली निम्मी म्हातारी माणसे १ जानेवारीलाच जन्मली आहेत!

आता आमच्या चुकीबद्दल. ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

दादांना आठ वर्षांपासून साखरेचा आजार. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या नियमाने चालू होत्या. एके दिवशी ओळखीचाच एक माणूस रंगीत पुस्तिका घेऊन घरी आला. या रसाने पेशी पुन्हा तरुण होतात, माणूस शंभरी गाठतो, मग गोळ्यांची गरजच राहत नाही, असे त्याने पटवून दिले. एक बाटली २४०० रुपयांची. आम्ही तिघांनी वर्गणी करून सहा बाटल्या एकदम घेतल्या. १४,४०० रुपये! दादांना ते पटले नव्हते. पण लेकरांनी पोटाला चिमटा घेऊन आणले म्हणून त्यांनी रस घेतला आणि गोळ्या सोडल्या. चौथ्या महिन्यात चप्पल घासून अंगठ्याला फोड आला. साखरेने पाय बधिर झाल्यामुळे तो दुखलाच नाही. अखेर अंगठा काढावा लागला. दादांचे आयुष्य वाढावे म्हणून आम्ही हे सारे केले होते.

बहिणीची मुलगी नांदेडला बी.एस्सी. करते. ती आजोबांना पाहायला आली आणि बाटल्यांची गोष्ट ऐकून आमच्यावर चिडली. मग रोज संध्याकाळी वही उघडून ती आम्हाला म्हातारपणाचे शास्त्र समजावून सांगू लागली. ते आम्हाला आधी कळले असते तर बरे झाले असते, म्हणून इथे देत आहोत.

१९६१ साली अमेरिकेतील लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की, माणसाच्या शरीरातील साधी पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा दुभंगते आणि मग थांबते. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगते तसतशी ही टोके झिजत जातात. या टोकांच्या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दादांना हे चटकन कळले. ते म्हणाले, "चऱ्हाटाच्या टोकाला गाठ असती, तसंच हाय की. गाठ झिजली की पीळ सुटतो."

ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांच्या चमूने २००४ साली ५८ मातांची तपासणी केली. त्यातील अनेकींची मुले दीर्घकाळ आजारी होती. ज्यांच्या मनावर सर्वांत जास्त ताण होता, त्यांच्या पेशींची टोके कमी ताणाच्या मातांपेक्षा आखूड निघाली. हा फरक किमान दहा वर्षांच्या म्हातारपणाएवढा होता. पाहणी लहान होती, पण माय ते ऐकून म्हणाली, "मग माज्या टोकाचं काय राह्यलं असंल ग माय!"

२०१३ साली स्टीव्ह हॉर्वाथ यांनी पेशींतील डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून वयाचा अंदाज काढण्याची रीत दिली. जन्मतारखेचे वय वेगळे आणि अंगाचे वय वेगळे असू शकते, हे आता शास्त्रही मानते. खिडकीतल्या माणसाने ते नुसत्या नजरेने मोजले होते.

मग आयुष्य वाढवता येते का? १९३५ साली क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी खायला घातले, तर ते जास्त जगले. हे ऐकून दादा खदखदून हसले. "मग आमी तर दोनशे वर्सं जगाय पायजे!" मुलीने समजावले, "आजोबा, त्या उंदरांना अन्न कमी होतं, पण जीवनसत्त्वं, क्षार सगळं पुरेसं होतं. तुमची नुसती उपासमार होती." दुसरे नाव रॅपामायसिनचे. ईस्टर बेटाच्या मातीतील जंतूंपासून सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ते वेगळे काढले. २००९ साली ते देऊन उंदरांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. पण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना ते देतात. त्याने माणसाचे आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा जिथे अडल्या आहेत, तिथे पुस्तिका घेऊन दारात येणारा माणूस कसा पोचला असेल? एवढा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला असता, तर दादांचा अंगठा वाचला असता.

दादांसारख्या काटकुळ्या माणसाला साखर कशी झाली, हेही आम्हाला कोडे होते. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती पुष्कळ लहान होती. अंगावर मांस कमी, पण चरबी मात्र टिकलेली. अर्धपोटी मातेच्या पोटी वाढलेल्या अशा बाळाला पुढे साखरेचा धोका जास्त, असे डॉ. याज्ञिक यांचे म्हणणे आहे. आजी गरोदरपणीही दुसऱ्याच्या शेतात राबत होती. दादांच्या दुखण्याची सुरुवात कदाचित तिथेच झाली असेल.

१९४१ ते ५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. २०१६ ते २० या काळात ते ७० झाले. याचा अर्थ, तेव्हा सारेच तिशीत मरत असे नव्हे. लेकरेच फार मरत. आमच्या आजीची नऊ झाली, चार जगली. रमाईनेही आपली चार लेकरे गमावली आणि २७ मे १९३५ रोजी चाळिशी गाठण्यापूर्वीच ती माउली गेली. देशाचे आयुष्य वाढले ते लस, प्रतिजैविके, पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी यांनी. पण ते सर्वांचे सारखे वाढले नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली नऊ राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपले महाराष्ट्र नव्हते. दलितांचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. यातला निम्म्याहून कमी फरक गरिबीने स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. उरलेल्याचे कारण वाचकांना सांगायला नको.

आणि बायांचे काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर पाळी एकदम जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, म्हातारपण तरुण वयातच येते. आमची एक मावसबहीण ऊसतोडीला जाते. तिशीत पिशवी काढली. आज ती मायच्या बरोबरीची दिसते.

दादा घरी आले तेव्हा विहारात वर्षावासानिमित्त बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही गोष्ट बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. काठी टेकून बसलेले दादा म्हणाले, "आपल्या वस्तीत तर पाळण्यातल्या पोराला बी दिसतंय."

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धाला २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळतात. आम्ही अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. आधार पाहून सांगण्यात आले, "२०२८ च्या जानेवारीत या." दादांचा धाकटा भाऊ शाळेत गेला होता. त्याच्या दाखल्यावर जन्मसाल १९५९ आहे. दादांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, धाकटा भाऊ थोरल्याच्या आदी जन्मतो का?" साहेब हसले, पण कागद परत दिला. मग आम्ही सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला काढला. त्यावर 'अंदाजे ७० वर्षे' असे लिहिले आहे. दाखला जोडून अर्ज पुन्हा दिला आहे. अजून उत्तर नाही.

त्या दिवशी परत येताना दादा म्हणाले, "मला शंभर वर्सं नगं. मी जगलो तेवढी तरी नीट लिवा."

म्हणून आश्विन पौर्णिमेला विहारात आम्ही एक वही ठेवली. वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यात जन्माचे साल लिहितो. पोलीस ॲक्शनच्या वेळी केवढे होता? बाबासाहेब गेले तेव्हा? बहात्तरच्या दुष्काळात? किल्लारीच्या भूकंपात पोरे केवढी होती? शेजारी साखर आणि रक्तदाबाचे आकडे लिहितो, गोळ्या चालू आहेत का तेही लिहितो. ही वही कचेरीत चालेल की नाही, ठाऊक नाही. पण साक्षीदार जिवंत आहेत तोवर साल पक्के होते आणि दाखला काढताना त्याचा आधार मिळतो. वाचकांनीही आपापल्या वस्तीत हे करावे, ही विनंती. आणि दारात कोणी आयुष्य वाढवणारी बाटली घेऊन आला, तर त्याला आमच्या दादांचा पाय दाखवायला पाठवावे.

वहीतली पहिली नोंद दादांची आहे. जन्म : १९५५-५६. साक्ष : आई.