बेकर आलं, उठा!

ऐंशी-नव्वदच्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियात संसार मांडलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचा उन्हाळा ठरलेला असे. मे-जूनमध्ये कुणाचे तरी आई-बाबा, नाहीतर सासू-सासरे यायचे. थोडे दिवस जेटलॅगचे, मग डिस्नेलँड, मालिबूचा बालाजी, आणि हे उरकलं की व्हेगास आणि ग्रँड कॅनियन. म्हणजे मोहावीचं वाळवंट ऐन उन्हाळ्यात ओलांडायचं. मुलांच्या शाळांना सुटी तेव्हाच, त्यामुळे इलाज नव्हता.

आदल्या रात्री घरोघर तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या जात. कूलरमध्ये दहीभात, थर्मासात चहा, आणि आर्टेशियाच्या देशी दुकानातून आणलेला चिवडा. सासरे पुढच्या सीटवर, कारण नकाशा त्यांच्या हातात. सासूबाई मधे, साडीखाली पांढरेशुभ्र स्नीकर्स घालून. मुलं मागे, सामानाच्या फटीत. बार्स्टोपर्यंत गीतरामायणाची कॅसेट आणि पुढे मुलांची पाळी, असा सगळ्यांनाच अर्धवट पटलेला तह असे.

बार्स्टो सोडलं की इंटरस्टेट १५ वर साठ मैल नुसता उजाडपणा. मग झायझिक्स (Zzyzx) रोडची पाटी येई आणि मागच्या सीटवर ती वाचण्याची स्पर्धा लागे. कर्टिस स्प्रिंगर नावाच्या इसमानं १९४४ साली तिथे खाणकामाच्या नावाखाली सरकारी जमिनीवर दावा सांगितला, औषधी पाण्याचं आरोग्यधाम काढलं आणि नाव असं ठेवलं की ते इंग्रजी वर्णक्रमात शेवटी यावं. तीस वर्षांनी सरकारनं त्याला बाहेर काढलं. आता तिथे विद्यापीठाचं वाळवंट अभ्यास केंद्र आहे. पाटी मागे पडली की पुढची सीट पुकारा करी, “बेकर आलं, उठा!”

बेकर म्हणजे एका रस्त्याचं गाव. जुना महामार्ग ९१ तोच बेकर बुलेव्हार्ड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल पंप, मोटेल आणि खाण्याच्या जागा. कडेनं फ्रीवे धावतो. उत्तरेला डेथ व्हॅलीचा रस्ता फुटतो, दक्षिणेला केल्सोचा. लॉस एंजेलिसपासून निघालं की दोन-तृतीयांश अंतरावर हे गाव लागतं, व्हेगास अजून नव्वद मैल. गाडीतली टाकी रिकामी आणि माणसांची भरलेली, असा तो टप्पा.

रेल्वेतून निवृत्त झालेले वडील आमच्यापैकी बऱ्याच घरांत होते. त्यांचा हमखास प्रश्न असे, “इथे स्टेशन कुठे आहे?” आम्ही हसायचो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. हे गाव रेल्वेनंच जन्माला घातलं. ‘बोरॅक्स किंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांनी डेथ व्हॅलीच्या बाजूचा टाकणखार वाहून आणायला टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वे बांधली. त्यांचे भागीदार रिचर्ड बेकर यांचं नाव १९०८ मध्ये या थांब्याला मिळालं. टाकणखार म्हटल्यावर मंडळींना दिलासा वाटे. त्याच्यापासून होणारी बोरिक पावडर कॅरमवर टाकत सगळे मोठे झालेले. पुढे १९२९च्या सुमारास राल्फ फेअरबँक्स या वयस्क गृहस्थांनी, ज्यांना सगळे ‘डॅड’ म्हणत, मोटारवाल्यांसाठी इथे बस्तान मांडलं. १९४० मध्ये रेल्वे बंद झाली, महायुद्धात रूळही उखडले गेले. गाव मात्र तोवर रेल्वेकडून मोटारींकडे सरकलं होतं.

मोटारींना बेकरची गरज कशी पडायची हे आम्ही सोसून शिकलो. गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत. तिथून व्हेगासच्या दिशेनं जवळपास तीन हजार फुटांचा लांबलचक चढ. एसी बंद करा, नाहीतर इंजिन तापेल, अशी पाटीच लावलेली. आमच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या गाड्यांना ती पाटी मुकाट्यानं पाळावी लागे. बाहेर आग, आत खिडक्या उघड्या, आणि मधल्या सीटवरून, “काय रे, अमेरिकेत येऊन हेच का?” त्यामुळे चढ लागायच्या आधी बेकरला गाडीला आणि माणसांना पाणी पाजणं हा शिरस्ता झाला.

१९९१ मध्ये तिथे जगातला सर्वांत उंच म्हणवला जाणारा थर्मामीटर उभा राहिला आणि फोटोची सोय झाली. गावातले व्यावसायिक विलिस हेरन यांनी सात लाख डॉलर खर्चून तो उभारला. उंची १३४ फूट, कारण १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस, तापमान नोंदलं गेलं होतं. वाऱ्यानं तो एकदा मोडून पडला, पुन्हा उभा राहिला. त्याच्याखाली पाहुण्यांना उभं करून आम्ही कौतुकानं सांगायचो, “बघा, एकशे तेरा!” सासरे मनातल्या मनात बत्तीस वजा करायचे, पाचानं गुणून नऊनं भागायचे आणि म्हणायचे, “म्हणजे पंचेचाळीस. आमच्या चंद्रपुरात यात लग्नं लागतात.” पुण्याची मंडळी मात्र निमूटपणे सावली शोधायची.

शाकाहारी पाहुण्यांसाठी ‘मॅड ग्रीक’ होतं. फलाफलचा पहिला घास घेऊन सासूबाई निकाल देत, “हरभऱ्याच्या डाळीचा वडाच की हा, मिरची विसरलेत.” मग पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी निघे. मुलांना स्ट्रॉबेरी शेक. काउंटरपलीकडे राबणाऱ्या माणसांची मुलं गावातल्याच लहानशा शाळेत शिकत, पिवळी बस आम्हाला दिसायची. पण कुणी थांबून चार शब्द विचारले नाहीत. आम्हाला पुढे जायचं असे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नंतर गाड्या सुधारल्या. रेडिएटर तापेनात, एक टाकी घरापासून व्हेगासपर्यंत पुरू लागली. आई-बाबांची गुडघेदुखी आधी व्हीलचेअरपर्यंत पोचली, मग त्यांचं येणंच थांबलं. आम्ही बेकरवरून सत्तरच्या वेगानं पुढे जाऊ लागलो आणि तेव्हा उमगलं की आम्ही गाडीसाठी थांबत नव्हतो; थांबायला लावणारी माणसं गाडीत होती, म्हणून थांबत होतो. तिकडे गावाचंही तेच झालं. मोटेलं ओस पडली. महिन्याचं वीजबिल परवडेना म्हणून २०१२ मध्ये थर्मामीटर विझला. हेरन यांच्या पत्नीनं तो परत मिळवून २०१४च्या जुलैत पुन्हा लावला. २०१०च्या जनगणनेत ७३५ माणसं होती, २०२० मध्ये ४४२ उरली. आता व्हेगासहून लॉस एंजेलिसच्या बाजूला येणाऱ्या वेगवान रेल्वेचं काम हाती घेतलंय. ती याच फ्रीवेच्या मधून धावायची आहे, आणि रेल्वेनं वसवलेल्या या गावाला त्यात स्टेशन नाही. आमच्या वडिलांनी याचा जाब विचारला असता.

पण हे गाव गाड्यांच्या उणिवांवर जगत आलंय, आणि नव्या गाड्यांनाही त्यांची उणीव आहेच. आमची मुलं विजेच्या गाड्यांतून व्हेगासला जातात आणि बॅटरी भरायला बेकरलाच उतरतात. ऐन सुटीत तिथेही रांग लागते. पूर्वी घाईघाईत उरकायचो तो थांबा आता चांगला अर्धा तास चालतो. नातवंडं गावातून फेरी मारतात, एलियनच्या चित्रांचं दुकान बघतात, थर्मामीटरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात. खाली आकडा फॅरनहाइटमध्ये. आमच्यातलं कुणीतरी लगेच बत्तीस वजा करायला बसतं, आणि दुसरं कुणीतरी विचारतं, “चटणी नेलीत ना रे?”