पेशी आणि पाण्याची ओढ

वनस्पती-पेशी आणि प्राणी-पेशी यांतला फरक शाळेत तक्त्यातून शिकवला जातो. भित्तिका आहे, नाही. हरितलवके आहेत, नाहीत. रिक्तिका मोठी, लहान. पेशीविज्ञान शिकवताना मला हा तक्ता कायम अपुरा वाटत आला आहे. त्यातल्या नोंदी सुट्या सुट्या राहतात. भित्तिका आणि मोठी रिक्तिका ही एकाच प्रश्नाच्या उत्तराची दोन अंगे आहेत, हे मुलांना कळतच नाही. तो प्रश्न असा: आत घुसणाऱ्या पाण्याचे करायचे काय?

पेशीत प्रथिने, शर्करा, क्षार यांची दाटी असते. प्रद्रव्यपटलातून पाणी सहज जाते आणि जिकडे दाटी अधिक तिकडे ओढले जाते. त्याला आवर घातला नाही, तर पेशी फुगून फुटेल.

वनस्पतीने ही ओढच कामाला लावली. पाणी रिक्तिकेत साठते, फुगलेली पेशी सेल्युलोजच्या भित्तिकेवर दाबली जाते आणि भित्तिका तिला थोपवून धरते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कित्येक पट असू शकतो. कोथिंबिरीची कोवळी काडी त्याच्याच जोरावर ताठ राहते. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या नुसत्या भित्तिका. आतले जिवंत द्रव्य केव्हाच संपले होते.

जिवंतपणा पाहायचा तर रिओच्या पानाची जांभळी साल घ्यावी. मिठाचे पाणी घालताच जांभळा रस भित्तिका सोडून आत आक्रसतो. आकृती काढून मुले उठू लागतात, तेव्हा मी त्यांना थांबवते आणि साधे पाणी सोडायला लावते. रस पुन्हा पसरत भित्तिकेला टेकतो. उकळून मारलेल्या पेशीत हे घडत नाही.

प्राणी-पेशीला भित्तिकेचा आधार नाही. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली, की फुटते. म्हणून सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते. आपल्या पेशी क्षारांचाच हिशेब सांभाळतात. पटलातला एक पंप दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करून १९५७ मध्ये तो दाखवून दिला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या उपशावर जातो. खर्च मोठा, पण त्याच्या बदल्यात मोकळीक मिळाली. पांढरी पेशी केशिकेच्या भिंतीतून अंग चोरून निसटते, स्नायू आखडतो. भित्तिकेत कोंडलेल्या पेशीला हे जमणारे नाही.

प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड बर्फात ठेवतात, तेव्हा थंडीने हा पंप मंदावतो, सोडियम आत शिरते आणि पेशी सुजू लागतात. म्हणून काही जतन-द्रावणांत पटल ओलांडू न शकणारे रेणू मिसळतात. पाणी त्यांच्याकडे, म्हणजे पेशीबाहेरच, ओढलेले राहते. त्यांतला एक रॅफिनोज, आपल्या डाळींमध्ये असणारी शर्करा.