धुराची हाक

१४ एप्रिल, केप टाउन
इथे शरद लागला. पाऊस थंडीतला, म्हणून पेरणी आत्ताच. रेस्टिओचं बी मिळालं. बोरूसारख्या काड्यांचं झाड. त्याच्या एका जातीने इथली घरं शाकारतात. सोबत धुराच्या अर्कात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या चकत्या. निम्मं बी एका चकतीसकट भिजत घातलं, निम्मं साध्या पाण्यात. चकतीच्या पाण्याला धुरकटलेल्या दुधासारखा वास.

१५ एप्रिल
२४ तास झाले. वाळूमिश्रित मातीत दोन ट्रे पेरले. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन चकत्या टाकल्या असत्या तर लवकर उगवलं असतं." तसं नाही रे. धूर फार झाला तर बी उलट दबतं.

२ मे
ट्रे अजून मुके. इथलं झुडपी रान, फिनबॉस, साधारण १०-१५ वर्षांनी पेटतं. त्यानंतरच कितीतरी बी उगवतं. द लांगे आणि बाउचर यांनी १९९० मध्ये ऑडुइनिया या झुडपाच्या बियांना नुसता धूर दिला, बी रुजलं. ज्वाळा लागल्याच नाहीत. धुरातलं बी रुजवणारं एक द्रव्य २००४ मध्ये हाती आलं. झाडातलं सेल्युलोज जळताना ते तयार होतं आणि पाण्याच्या अब्ज भागांत एक भागही पुरतो. पुढे अशा द्रव्यांच्या कुळाला 'कॅरिकिन' नाव पडलं, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूंगार लोकांच्या 'धूर' या शब्दावरून. पाऊस ते मातीत उतरवतो. वरची झुडपं जळालेली, ऊन जमिनीपर्यंत आलेलं. बियाला नेमकं हेच कळायला हवं असतं.

९ मे
आजी बियाण्याची कणसं चुलीवर टांगायची, कीड लागू नये म्हणून. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तोही तण मरावं म्हणून. आग-धुराला आम्ही मारायच्या कामालाच जुंपलेलं. तोच धूर कुणाला उठवतही असेल, हे मनात आलं नव्हतं.

२४ मे
धुराच्या ट्रेत सुईएवढे हिरवे कोंब, दाटीने. साध्या ट्रेत दोनच.
"मेलं असेल बाकीचं," म्हणत सूनबाई ती माती कुंडीत ओतायला निघाली. थांबवलं. उरलेली एक चकती भिजत घातली आहे. उद्या तेच पाणी त्या ट्रेवर शिंपडेन.