पेन्सिलीतली नोंद, पेनातली नोंद

सोसायटीच्या हॉलचं बुकिंग यापुढे ऑनलाइन करायचं, असं सर्वसाधारण सभेत ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. कमिटीत मी नवीन. सॉफ्टवेअरच्या पहिल्याच स्क्रीनवर प्रश्न होता : बुक करता येतील अशा तुमच्या जागा किती? मला उत्तर देता येईना.

हॉल एकच. पण मध्ये सरकतं पार्टिशन, त्यामुळे बारशासारख्या लहान कार्यक्रमाला अर्धाच देतात. मागे स्वयंपाकघर. ते पूर्ण हॉल घेणाऱ्याला आपोआप मिळतं, अर्धा घेणाऱ्याला विचारून. मग जागा एक म्हणायची, दोन म्हणायच्या, की चार? पूर्ण हॉल आणि दोन अर्धे अशा तीन सुट्या जागा भरल्या, तर एकाच सकाळी कुणी अर्धा घेईल, कुणी पूर्ण घेईल आणि दोघांनाही 'बुकिंग झालं' असा मेसेज जाईल. त्यासाठी या जागा एकमेकींना जोडाव्या लागतात : अर्धा गेला की पूर्ण आपोआप बंद. ही सोय सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते. विकत घेण्याआधी विचारावा असा हा पहिला प्रश्न.

मी गोंधळून भाऊंकडे गेले. इतकी वर्षं हॉलचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं. त्यांनी एक पान उघडलं. रविवारच्या रकान्यात वर पेनानं 'सकाळी मुंज, भांडी आपली', खाली पेन्सिलीनं 'संध्या. डोहाळजेवण, बी विंग'. मी विचारलं, वर पेन आणि खाली पेन्सिल का?

"अगं, पेन्सिलीतलं कच्चं. डिपॉझिट आलं की त्यावर पेन फिरवायचं. चार दिवसांत आलं नाही, तर खोडायचं."

सॉफ्टवेअरमधल्या 'प्रलंबित' या खुणेचा अर्थ मला तिथे कळला. पैसे यायचे असताना ती वेळ इतरांना मोकळी दिसावी की अडलेली, आणि अडलेली असेल तर किती तास, हे आपणच सांगायचं असतं. मी भाऊंचे चार दिवस तसेच भरले.

वेळेचाही घोळ होता. एक कार्यक्रम बाराला संपतो, दुसरा बाराला सुरू होतो. सॉफ्टवेअरच्या हिशेबात यात काहीच अडचण नाही. प्रत्यक्षात बारा वाजता पहिल्यांची पंगत उठत असते, दुसऱ्यांच्या केटररचा टेम्पो दारात असतो आणि झाडू कुणी मारायचा हे ठरलेलं नसतं. म्हणून दोन बुकिंगांमध्ये एक तास सक्तीचा मोकळा ठेवला. रात्रीची मर्यादाही हॉलला आणि बाहेरच्या पटांगणाला वेगळी द्यावी लागली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज ठेवायला त्यात मुभा आहे, उघड्या पटांगणाला ती नाही.

पुढे सण आले. 'दरवर्षी' असं बटण दिसलं, पण ते इंग्रजी तारीख धरतं. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून ती 14 सप्टेंबरला. ते बटण दाबलं असतं, तर हॉल ऑगस्टमध्ये विनाकारण अडला असता आणि गणपतीत दुसऱ्याच कुणाला गेला असता. त्यामुळे पाडव्याला नवीन पंचांग आलं की सोसायटीचे सण हातानं भरायचे, असं ठरवलं. योगवर्गासारख्या रोजच्या बुकिंगला मात्र शेवटची तारीख घातलीच पाहिजे. नाहीतर ते कायमचंच बसतं.

मला सगळ्यात जड गेला तो एक साधा नियम : बुकिंग किमान किती दिवस आधी? सात, असं मी भरणार होते. तेवढ्यात भाऊंच्या रजिस्टरात 'तेरावं' दिसलं. पैशांचा रकाना कोरा. त्याच सकाळचा एक वाढदिवस बाणानं दुसऱ्या दिवशी सरकवलेला. ज्या घरात माणूस गेलंय, त्यांनी सात दिवस आधी फॉर्म भरून डिपॉझिट जमा करावं, असं सांगणारा नियम मी कसा लिहू? भाऊ अशा वेळी दोन घरी फोन करून जागा काढून देत. सॉफ्टवेअर कुणाला फोन करणार नाही. म्हणून वेगळा प्रकार केला. दिवसकार्यासाठी आधीच्या दिवसांची अट नाही, डिपॉझिट नाही, नोंद कार्यालयानं करायची आणि कॅलेंडरवर नाव न दिसता फक्त 'आरक्षित' दिसायचं. कुणाचं बुकिंग सरकवता येईल आणि त्याला बदल्यात काय द्यायचं, हे मात्र मी एकटीनं ठरवणं बरोबर नव्हतं. ते सभेपुढे ठेवलं, ठराव झाला आणि मगच लिंक सगळ्यांना पाठवली.

स्मार्टफोन न वापरणारे आजी-आजोबा आजही कार्यालयात येऊन सांगतात; त्यांची नोंद आम्ही त्यांच्यासमोर त्याच कॅलेंडरवर करतो. रजिस्टर मात्र बंद केलं, कारण दोन ठिकाणी नोंदी ठेवल्या की एकीवरही भरवसा राहत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं मला मध्येच वाटायचं. उत्तर मिळालं ते भाडेकरूंच्या बुकिंगांमधून. हॉल आपल्यालाही मिळतो, हे त्यातल्या कित्येकांना माहीतच नव्हतं. भाऊ माणसं सांभाळून घेत, पण ज्यांची त्यांच्याशी ओळख, त्यांनाच ते कळायचं. काल राहायला आलेल्या घरालाही तेच सांभाळून घेणं मिळायला हवं, आणि त्यासाठी ते नियमात लिहून ठेवावंच लागतं.