बिनघराण्याचा

ताम्हिणीच्या घाटात पावसाळी शनिवार-रविवारचा मुक्काम ठरवताय? मग संकेतस्थळ होमस्टेचं असो की फार्महाउसचं, तारखेचा एक चौकोन पुढे येणारच. बोट ठेवलं की महिना उलगडतो, भरलेले दिवस करडे पडतात. हा चौकोन बहुतेक वेळा कुठल्या तरी घराण्याचा, म्हणजे वेबपानं बांधायच्या फ्रेमवर्कचा असतो. आज ओळख करून घ्या त्याच्या बिनघराण्याच्या भावाची, वेब कम्पोनंटची.

घराणी थोडीथोडकी नाहीत. फेसबुकनं २०१३ साली खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट, पाठोपाठ व्ह्यू नि स्वेल्ट, शिवाय गूगलचं अँग्युलर. ताम्हिणीच्याच मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आयटीतली नोकरी मागायला गेलात, तर पहिला प्रश्न घराण्याचाच. एका घराण्यात बनलेलं कॅलेंडर दुसऱ्यात सहजी रुळत नाही. अँग्युलर तर २०१६ साली मुळापासून नव्यानं लिहिलं गेलं आणि जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. घराणं बदललं की बटण, तक्ता, तारीख पुन्हा पहिल्यापासून. हुशार माणसांनी तेच कॅलेंडर पुन्हापुन्हा बनवत बसावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वेब कम्पोनंटची चाकरी मात्र थेट ब्राउझरकडे: आपणच नाव दिलेला हा टॅग ब्राउझर स्वतःच चालवतो. कल्पना २०११ ची, पण फायरफॉक्सनं पुरता थारा दिला २०१८ मध्ये आणि एज तयार झाला २०२० मध्ये. तोवर किती घराणी गाजली नि विरली! हा थांबून राहिला.

नावाच्या बाबतीत भारी काटेकोर. नावात एक जोडरेघ हवीच, नाहीतर दारातूनच परत. पहिलं अक्षर रोमन लिपीतलं, तेही लहानच. पुढे खुशाल देवनागरी लिहा, ते त्याला चालतं. एकदा नाव नोंदवलं की त्याच पानावर त्या नावाचा दुसरा खपवून घेत नाही. कॅलेंडरच्या दोन आवृत्त्या चुकून एकत्र आल्या, तर दुसरीची नोंदणी धुडकावून लावतो.

त्याची सावली म्हणजे शॅडो डॉम, त्याच्या आतल्या भागांचं वेगळं घर. पानावरची रंगरंगोटी तिच्या उंबऱ्याबाहेर थांबते. शेजाऱ्यानं सगळी बटणं लाल केली तरी याचं हिरवं ते हिरवंच. पण माणूस अगदीच घुम्या नाही. पानाला मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट दिला असेल, तर त्याची अक्षरंही मुक्तच्याच वळणाची होतात. त्यानं ब्राउझरला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) एवढी खूण दिली, की ऑगस्टचा पंधरावा दिवस '१५' असा देवनागरीत उमटतो. मराठी संकेतस्थळ करणाऱ्यांनी याला जीव लावावा, तो इथे.

रिअ‍ॅक्टशी त्याचं वर्षानुवर्षं जमलं नाही. भरलेल्या दिवसांची यादी धाडावी, तर रिअ‍ॅक्ट तिचं साध्या मजकुरात रूपांतर करून देई. याच्या हाती पडे नुसतं निरर्थक 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'. त्यानं हाक मारली तर रिअ‍ॅक्टला ऐकू जात नसे; वेगळा कान लावून ठेवावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये रिअ‍ॅक्ट १९ आलं आणि दोघं नीट बोलू लागले.

एक खोड मात्र मनाला लागते. बाहेर लिहिलेलं 'येण्याची तारीख' हे लेबल सावलीतल्या रकान्याशी नेहमीच्या रीतीनं जोडता येत नाही. लिहिणाऱ्यानं आतून वेगळी सोय केली नाही, तर पडदावाचकावर ऐकणाऱ्या अंध प्रवाशाला नुसता बिननावाचा रकाना ऐकू येतो. ही सोय करायचा आळस कुणी करू नये.

त्याचा हलकेपणा घाटात कळतो. मोबाइलची रेंज येते-जाते, अशा वेळी एका कॅलेंडरसाठी अख्खं घराणं उतरवून घ्यावं लागत नाही. त्याची स्वतःची फाइल पुरते. म्हणून हिंजवडीकरांना विनंती, पुढच्या वेळी घराणं बदलाल तेव्हा बाकीचं काय हवं ते बदला, पण तारखेचा चौकोन याच्याकडे सोपवा आणि लेबल तेवढं आतून जोडून द्या.